झोळ

"ह्या कापडात माणूस नाय," केसरबाई म्हणाली आणि फडकं पिळून पुन्हा फरशी पुसू लागली.

तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. मंगळवारची सकाळ होती, आणि पडेगाव रस्त्यावरच्या त्या लहानशा चर्चच्या नव्या सभागृहात मंडळीतले चार जण विशाखाच्या चित्रासमोर उभे होते. चित्र भिंतभर होतं. ख्रिस्ताला वधस्तंभावरून खाली उतरवतात तो प्रसंग, असं पाळकसाहेबांनी जानेवारीत सांगितलं होतं. आणि विशाखानं तीन महिने खपून जे काढलं त्यात ख्रिस्त नव्हता, त्याची आई नव्हती, शिष्य नव्हते. एक उंच काळपट उभा पट्टा, त्याला वरच्या बाजूला एक आडवा, खाली विटकरी माती, आणि मधोमध या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली एक पांढरी पट्टी. बस्स. एकाला त्यात प्रभू कुठं आहे ते सापडेना. दुसऱ्यानं चष्मा काढून बघितलं, मग घालून बघितलं. निवृत्त मुख्याध्यापक पुंजाराम सर म्हणाले की रंग भिंतीच्या डिस्टेंपरला शोभून दिसतात, आणि आपण काहीतरी चांगलं बोललो या समाधानात गप्प झाले. असल्यांना द्यायची उत्तरं विशाखाकडं तयार असत. अमूर्त चित्रं काढणाऱ्याचा अर्धा जन्म चित्रं काढण्यात जातो आणि अर्धा ती समजावण्यात. चेहरा काढला की लोक चेहरा बघतात, उतरवणं बघत नाहीत, असं ती म्हणाली, आणि पाळकसाहेबांनी मान डोलावली. राजकुमार पाळक वयानं तरुण, उत्साही. या चित्रापायी मंडळीशी दोनदा भांडले होते. शुक्रवारी, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेला, सगळी मंडळी याच चित्रासमोर बसणार होती. "मावशी," ते हसून केसरबाईला म्हणाले, "हे नव्या पद्धतीचं चित्र आहे. यात माणूस दिसत नसतो. समजून घ्यायचा असतो."

"दिसाया कशाला पायजे?" केसरबाई उकिडवी बसल्या जागेवरनं म्हणाली. "तोंड काढा म्हणलं का मी? चाळीस वर्सं दवाखान्यात आया व्हते, साहेब. खाटंवरनं स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरनं खाली, लई माणसं चादरीत धरून उचलली. जिती बी अन् मेलेली बी. कापडात माणूस असला की झोळ पडतो. ह्याला झोळ नाय. हे वाळत घातलेलं धोतर हाय."

सगळे हसले. विशाखाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात मागं गेलेत, पाठीशी, बोटांत बोटं घट्ट अडकवून. तिनं ते सोडवून पुढं आणले. पर्स उचलली, उद्या येते म्हणाली, आणि पायऱ्या उतरून स्कूटीपाशी आली तर किल्ली कुलपात जाईना. मग कळलं की ती घराची किल्ली घालू बघतेय.

कालच जयंती झाली होती. भावसिंगपुऱ्यात घराकडं येताना रस्ताभर निळ्या पताका, कमानी, गुलालात मळलेला रस्ता, आणि एका कोपऱ्यावर तिनं स्वतः रंगवलेला फलक. गल्लीत ती चेहऱ्यांसाठीच प्रसिद्ध. दरवर्षी बाबासाहेबांचा चेहरा तिनंच काढायचा, डोळे तर तिनंच, आणि लोक म्हणायचे, ताईनं काढलेले डोळे बघतात. त्याच ताईनं येशूचं काम घेतलं म्हटल्यावर दोघाचौघांनी चिमटे काढले होते, आणि चेहराच काढणार नाही म्हटल्यावर तर कुणाला काय बोलावं ते सुचेना. पण आज तिला पताका दिसत नव्हत्या. पताका ज्यांना बांधल्या होत्या ते खांब दिसत होते. एक गेला की दुसरा. उभा लोखंडी खांब, वर आडवा पट्टा, पट्ट्यावर चिनीमातीच्या वाट्या. वधस्तंभ हा शब्द पाळकसाहेबांनी जानेवारीत तिच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता वापरला होता. तोवर तिला क्रूस माहीत होता. क्रूस म्हणजे गळ्यातला, चर्चवरचा, पुस्तकातला. वधस्तंभ ऐकला आणि तिच्या हातातली बशी कलली. स्तंभ म्हणजे खांब, वधाचा खांब. तो तिनं पाहिला होता. फुलंब्रीच्या अलीकडं, मक्याच्या शेताच्या कडेला. तिनं पाळकसाहेबांना लगेच हो म्हटलं होतं, विषयाचा अभ्यास करते म्हणाली होती, आणि एका ओळीचाही अभ्यास केला नव्हता. झोळ. हाही शब्द तिला केसरबाईनं आज नव्यानं सांगितला नव्हता. राजेंद्रच्या तोंडी तो कायम असायचा. "तारेला झोळ ठेवावा लागतो, ताई. उन्हात तार वाढते, थंडीत आखडते. हौसेनं ताठ ओढली की एक दिवस तुटते." धाकटा भाऊ ठेक्यावरचा वायरमन होता आणि जगातलं सगळं त्याला तारांवरून समजायचं. नगरनाक्यापासच्या वळणावर मागनं ट्रकनं कर्कश हॉर्न दिला तेव्हा तिला कळलं की ती रस्त्याच्या मधोमध, वर बघत, पायी चालल्यासारखी गाडी चालवतेय.

घरी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. आई, चंपाबाई, दारात पिंप, कळशा, पातेली, अगदी पिठाचा डबासुद्धा रिकामा करून ओळीनं भरत होती. पंच्याहत्तरीची बाई, पण पाणी आलं की तिच्या अंगात विशीतली शिरायची. "झालं का गं पसंत?" तिनं विचारलं. विशाखा झालं म्हणाली. "मंग सुक्रवारी मी येनार. पांढरं लुगडं धुऊन ठिवलंय. राजूचं चित्र हाय, मला बघाया पायजे." हे चित्र कशाचं आहे ते विशाखानं आईला सांगायला नको होतं, पण रंगवायला घेतलं त्या दिवशी इतकं भरून आलं होतं की तोंडून निघून गेलं, आणि तेव्हापासून आई चर्चला राजूचं चर्च म्हणू लागली होती. आई पाण्याचं पातेलं द्यायला वळली. विशाखानं ते घ्यायला हात पुढं केले आणि आईनं सवयीनं आधी त्या हातांकडं बघितलं. अठरा वर्षं ती असंच बघत आली होती. राजेंद्रच्या स्मृतिदिनाला भंतेजी येत, वंदना होई, खीर वाटली जाई. आणि सगळे पांगले की आई विशाखाचे दोन्ही हात ओढून घ्यायची, पालथे करायची, उताणे करायची, आणि आपल्या डोळ्यांना लावायची. "ह्या हातांवर उतरला माझा राजू." दर वर्षी. एकही वर्ष चुकलं नाही. तिच्या मऊ, सुरकुतलेल्या पापण्या तळहाताखाली थरथरायच्या, आणि विशाखा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहायची. पातेलं घेताना अर्धं पाणी सांडलं. आई म्हणाली, "ध्यान कुठंय तुझं?"

ध्यान कुठं असणार. खाई त्याला खवखवे. दुपारभर विशाखा या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. कपाट लावलं, विसकटलं, परत लावलं. शाळेच्या परीक्षेची चित्रं तपासायला घेतली तर पहिल्याच मुलानं दोरीवर वाळत घातलेले कपडे काढले होते. तिनं गठ्ठा बाजूला ठेवला. म्हातारी काय बोलली? एका बाईला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, तिनं पांढऱ्या पट्टीला धोतर म्हटलं, तर वीस वर्षं रंग कालवणाऱ्या बाईनं एवढं मनाला लावून घ्यावं? पण म्हातारीला चित्रातलं कळत नव्हतं, कापडातलं कळत होतं, आणि तिथंच सगळी गोची होती. मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला गुंडाळता येतं. चाळीस वर्षं माणसं उचललेल्या हातांना कसं गुंडाळणार? कारण म्हातारीनं बरोबर ओळखलं होतं. ती पट्टी काढणाऱ्या बाईनं ते कापड कधी धरलंच नव्हतं.

ती तेव्हा फुलंब्रीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सकाळची शाळा सुटली होती, आणि कुणीतरी सांगत आलं की तुमचा भाऊ खांबावर अडकलाय. ती पळत गेली तेव्हा एक तास होऊन गेला होता. सप्लाय बंद आहे म्हणून तो चढला होता आणि कुणीतरी तो चालू केला; कुणी, ते कधीच बाहेर आलं नाही. कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या आधारानं तो वर ओणवा लटकला होता, हात आडव्या लोखंडावर पसरलेले, मान खाली. एक चप्पल पायात, एक मक्यात पडलेली. आता डीपी बंद होता. तिनं स्वतः बघितलं, खटका खाली होता. कुलूप घालून किल्ली खिशात टाकलेला माणूस तिथंच उभा होता. तिला हे पक्कं माहीत होतं, आणि पुढची अठरा वर्षं तेच तिला सोडणार नव्हतं. वर दोघं चढले, त्याला दोर बांधला. खाली कुणी तरी खाटेवरची पांढरी चादर आणली. तीन माणसांनी तीन टोकं धरली. चौथ्याला माणूस नव्हता. होते ते शंभर पावलांवर रस्त्यात उभे राहून बघत होते. तिघांतला एक तिच्याकडं वळला आणि चौथं टोक तिच्यापुढं धरून म्हणाला, "ताई, धरा." आणि तिचे हात मागं गेले. तिनं नेले नाहीत, ते गेले. वायरमन झाल्यापासून राजेंद्रच सांगायचा, खांबावर माणूस चिकटला तर खालून हात लावायचा नाही, ताई, आपला असला तरी. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला समजावलं की आपण त्याचंच ऐकलं. पण खटका खाली होता. तिला भीती करंटची वाटली नव्हती, त्याची वाटली होती. काळवंडलेल्या, ओळखू न येणाऱ्या, आपल्याकडं खाली येत असलेल्या त्या वस्तूची. ती तीन पावलं मागं सरली. मक्यातून एक बाई आली, जांभळं लुगडं, हातात विळा. तिनं विळा खाली टाकला, पदर खोचला, चौथं टोक धरलं. कुणाचा, कोण, काही विचारलं नाही. विशाखा मागं उभी होती, चादरीची कड थेट नजरेच्या पातळीत, आणि तिथून तिला चादर दिसलीच नाही, फक्त कड दिसली, एक पांढरी ताठ रेघ. ती रेघच तिनं काढली होती. संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात आई येऊन पोचली आणि तिनं पहिलं हेच विचारलं की कुणी उतरवला, भुईवर तर नाय ना आदळला? "नाही आई. आम्ही चौघांनी धरला होता." चौघांनी धरला, एवढं खरं होतं. आम्ही हा शब्द कुठून आला ते तिला आजवर कळलं नाही. आईनं तिथंच तिचे हात धरले, डोळ्यांना लावले आणि विचारलं, "जड व्हता का गं?" "नाही आई. फुलासारखा." एकदा बोललेलं मागं घ्यायला दुसरा दिवस बरा असतो. दुसऱ्या दिवशी राख भरायची होती. मग तेरा दिवस गेले, मग वर्ष, आणि आईला त्या हातांवाचून दुसरं काही उरलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ती रंगपेटी घेऊन सभागृहात गेली. पट्टीखाली राखाडी सावली घातली. पट्टी फुगल्यासारखी दिसली, वाऱ्यानं. पुसली. मध्यावर थोडी खाली ओढली, तर झोका झाला. पुसली. दुपारपर्यंत पांढऱ्याचा चिखल झाला आणि जवसाच्या तेलाच्या वासानं डोकं भणभणलं. पाळकसाहेब दोनदा येऊन, "छान होतंय" म्हणून घाईनं परत गेले. केसरबाई मात्र दारातल्या पायरीवर बसून तंबाखू मळत बघत होती. शेवटी विशाखा ब्रश टाकून तिच्यापाशी जाऊन बसली.

"मावशी, झोळ किती पडतो?"

"किती म्हंजे? माणसावर हाय. धरनाऱ्यावर बी हाय."

"मला सांगा ना."

"सांगून कळत न्हाई, बाई." केसरबाईनं तिच्याकडं नीट बघितलं, असं बघणं नातेवाइकांना बाहेर थांबवताना दवाखान्यातल्या आयांच्या डोळ्यांत येतं. "तू धरलंच न्हाईस का कधी कुनाला?"

विशाखानं नाही अशी मान हलवली. अठरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही कधी द्यावं लागलं नव्हतं. केसरबाई उठली. तंबाखू थुंकली, तोंड धुतलं, आणि आत जाऊन पडद्यांसाठी आणलेलं मांजरपाट सतरंजीवर उलगडलं. "साहेब," तिनं हाक मारली, "पुंजाराम सरास्नी बोलवा. अन् वॉचमन कुठंय, सोमनाथ? ये रं बाबा हिकडं." मग ती सत्तर वर्षांची बाई, चार जणांच्या देखत, पदर सारखा करून त्या कापडावर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. पुंजाराम सर काही तरी बोलणार होते. पाळकसाहेबांनी त्यांच्या दंडाला हात लावला. तिघांनी तीन टोकं धरली.

"धर, बाई," केसरबाई डोळे न उघडता म्हणाली. "मुठीला एक येढा दे. न्हाईतर सुटतं."

विशाखाचे हात मागं होते. तिला ते दिसत नव्हते पण कुठं आहेत ते ठाऊक होतं. सभागृहात पंख्याचा आवाज होता, बाहेर दौलताबादकडं जाणारी एक बस गेली. मग ती वाकली. टोक मुठीला गुंडाळलं. पाळकसाहेब हळूच एक, दोन, तीन म्हणाले, आणि कापड उचललं गेलं, आणि वजन आलं. केसरबाई चिपाडासारखी होती, चाळीस किलोसुद्धा नसेल. तरी ते आलं. आधी बोटांत, मग मनगटात, कोपरातून खांद्यात, पाठीच्या कण्यात, आणि टाचा फरशीत रुतल्यासारख्या झाल्या. कापड मध्ये खाली गेलं. किती खाली गेलं. झोका नव्हता तो, फुगाही नव्हता. सगळं कापड एका जागेकडं धावत होतं, चारी टोकांपासनं, आणि तिच्या मुठीतलं टोकही तिकडंच ओढ घेत होतं, जणू तिला म्हणत होतं, इकडं बघ. तिनं बघितलं. म्हातारीचा मिटलेला चेहरा, उघडं कपाळ. फुलासारखा, असं मी म्हटलं. माझ्या भावाला मी फुलासारखा म्हटलं, आणि तो एवढा जड होता, आणि त्या मक्यातल्या बाईनं तो माझ्या वाट्याचा उचलला.

"आता ठिवा खाली," केसरबाई म्हणाली.

"थांबा," विशाखा म्हणाली. "थोडं थांबा, मावशी."

पुंजाराम सरांनी टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सगळेच थांबले.

त्या दुपारी आणि गुरुवारच्या सकाळी तिनं पांढरं नव्यानं लावलं. ब्रशनं नाही, कापडाच्या बोळ्यानं, खांद्यातून. पट्टी कडेपासून निघाली आणि मध्यावर इतकी खाली आली की जवळजवळ मातीला टेकली. आणि उजवीकडं खालच्या कोपऱ्यात, जिथं आजवर काही नव्हतं, तिथं तिनं तळहाताएवढा जांभळा रंग लावला आणि हात धुवायला न जाता तशीच बसून राहिली. पाळकसाहेब येऊन त्या जांभळ्यापाशी वाकले. उपवासाच्या दिवसांत आमच्या वेदीवर याच रंगाचं वस्त्र असतं, तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

आई शुक्रवारपर्यंत थांबली नाही. गुरुवारी बाराच्या सुमाराला रिक्षानं आली, हातात डबा, अंगावर ते पांढरं लुगडं. "सकाळधरनं उपाशी हायेस," म्हणाली, आणि चित्राकडं वळली. सभागृहात दोघीच होत्या. चंपाबाईला अमूर्त वगैरे काही माहीत नव्हतं. ती खांबापाशी थांबली, वर आडव्या पट्ट्याकडं बघितलं, मग नजर खाली पांढऱ्यात उतरली आणि तिथं बुडाशी थांबली.

"फुलासारखा म्हनली व्हतीस," ती म्हणाली.

"हो."

"ह्यो कोपरा कुनाचा?"

विशाखा उठून उभी राहिली. हात मागं जाऊ लागले. तिनं जाऊ दिले नाहीत. "एका बाईचा. मक्यातली होती. चौथं टोक तिनं धरलं, आई. मला धरा म्हणाले होते. मी नाही धरलं. मी मागं झाले."

आईनं डबा खाली ठेवला. तिनं विशाखाच्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत रंगानं भरलेल्या, आणि विशाखाला वाटलं की आता ती नजर काढून घेईल. ती नजर पुष्कळ वेळ तिथंच राहिली, अठरा वर्षांचं जे काही तिथं ठेवलं होतं ते एकेक करून उचलत असल्यासारखी. मग आई वळली, चित्राच्या कोपऱ्यापाशी गेली आणि त्या जांभळ्यावर तिनं उजव्या हाताची बोटं ठेवली. रंग ओला होता. बोटं तिनं डोळ्यांना लावली, आधी एका, मग दुसऱ्या. पापण्यांवर जांभळं उमटलं.

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

"इचाराया पायजे व्हतं, बाई," आई म्हणाली. मग सतरंजीवर बसून तिनं डब्याचं झाकण काढलं, भाकरी काढली, आणि विशाखाकडं न बघता म्हणाली, "हात धुऊन घे. जेव."